चंद्रकांताकाकी आणि सलोनीचं पोट

वसईजवळच्या निर्मळच्या नाक्यावर उभं राहून कोणालाही "चंद्रकांताकाकीची वाडी कुठे?" असं विचारलं, तर तो आधी तुमच्याबरोबर लहान मूल आहे का ते बघेल. काकीकडे लोक दोनच कामांसाठी येतात. एक, मोगऱ्याच्या कळ्या घ्यायला. दोन, पोराची सरकलेली बेंबी बसवून घ्यायला. कळ्यांचे ती पैसे घेते, आणि वजनात फुलभरही ढील देत नाही. बेंबी फुकट.

बेंबी सरकते म्हणजे नेमकं काय होतं हे मला अजून कळलेलं नाही. मी बारावी सायन्स आहे, पण आमच्या कॉलेजात हा धडा नव्हता. लहानपणी माझी बेंबी मात्र काकीने पुष्कळदा बसवली आहे. कोमट तेल, दोन बोटं, पोटावर गोल गोल, मग उपडा पेला, आणि शेवटी कान पिळून, "आता कच्च्या कैऱ्या खाल्ल्यास तर बघ." बहुतेक पोरं त्या कान पिळण्यानेच बरी होत असावीत.

काकी पन्नाशीच्या पुढची. साडी खोचलेली, लाल स्कूटर, पायाजवळ कळ्यांची टोपली आणि टोपलीवर ओलं फडकं. आवाज असा की ती घरात बोलली तरी शेजारी आमच्या वाडीतली कुत्री उठून बसतात. घरात ती आमच्या बोलीत बोलते. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मी तिला जरा शाळेत घालून आणली आहे. वाचलं तर मला शिव्या देईल, त्या मात्र बोलीतच.

तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम वाढलेलं. ही फॅशन नव्हे. कळी खुडायची ती देठाजवळ नखाने. कात्री लावली की कळी रुसते असं तिचं म्हणणं. हेच नख तिने सलोनीलाही वाढवायला लावलं होतं. सलोनी तिसरीत. शाळेत सोमवारी नखं तपासतात, तेव्हा अंगठा मुठीत कसा लपवायचा हेही काकीनेच शिकवलेलं. "शाळेला काय कळतं मोगऱ्यातलं," ती म्हणायची.

सलोनी काकीची मुलगी नाही, दिराची. काकीला मूल नाही. दीर सिद्धेश अंधेरीला एका कंपनीत आहे, त्याची बायको विनिता बोरिवलीला विम्याच्या ऑफिसात. विनिता मूळची साताऱ्याकडची. दोघंही दिवस उजाडताना निघतात आणि दिवे लागल्यावर येतात, म्हणून सलोनी दुपट्यात होती तेव्हापासून काकीच्या कुशीत झोपते. तिला कधी भूक लागते, कधी झोप येते, कुठली भाजी ती ताटाखाली लपवते, हे सगळं काकीच्या तोंडपाठ. विनिताला विचारलं तर ती म्हणायची, "ताईंना विचारा."

आणि हे कधीतरी संपणार हे सगळ्यांना माहीत होतं. सिद्धेश-विनिताने हायवेकडे जूचंद्रला फ्लॅट घेतला होता आणि दिवाळीत त्याची किल्लीही हातात आली होती. तेव्हापासून काकीचा एकच उद्योग: पोर तिकडे का जाऊ नये याची कारणं शोधणं. कधी म्हणे तिथे पाणी टँकरचं. कधी म्हणे शाळा बदलली की पोरं मागे पडतात. एकदा तर म्हणाली, चौथ्या मजल्यावर पोरांची उंची वाढत नाही. मी म्हटलं, "काकी, हे कुठे वाचलंस?" तर म्हणाली, "तू गप. तू तळमजल्यावर वाढलास तरी काय झालं?"

शेवटी विनिता म्हणाली, "बरं, चौथी होईपर्यंत राहू दे." त्या एका 'बरं'वर काकीने वर्षभराची तयारी केली होती. त्यात विनिताचं मन फिरेल असं काही होऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं पथ्य.

मोगऱ्याच्या ऐन दिवसांत एका सकाळी सलोनी कळ्या खुडता खुडता वाफ्यातच बसली. पोट दुखतं म्हणाली. सिद्धेश आणि विनिता कामावर गेलेले. काकीने तिला पडवीत निजवलं, बेंबीवर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि निदान केलं, "सरकलीय."

तेल आलं, पेला आला. एरवी इतक्यात पोरं उठून पळतात. सलोनी उठली नाही. तिने एकदा उलटी केली आणि गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. काकीची बोटं उजवीकडे खाली सरकली तशी ती अशी किंचाळली, की काकीने हात उचलला आणि तो हवेतच राहिला. पोटावरचा हात तिने अर्ध्यात उचललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"प्रणव," ती म्हणाली, "गाडी काढ."

माझी ईको केळी आणि भाजी पोचवायला असते. मागची सीट टाकली, घड उतरवले. कृष्णाकाका, म्हणजे काकीचे यजमान, पुढे बसले. कृष्णाकाका वर्षाला साधारण एक वाक्य बोलतात. त्या दिवशी त्यांनी तेही शिल्लक ठेवलं.

वसईतल्या हॉस्पिटलात डॉक्टर डेल्फिन होत्या. त्या शेजारच्या गिरीज गावच्या. त्यांची केळी आणि आमची केळी कधीकाळी एकाच टेम्पोतून जायची, त्यामुळे त्या आम्हाला पेशंट म्हणून कमी आणि शेजारी म्हणून जास्त ओरडतात. त्यांनी सलोनीचं पोट हळूच दाबलं, सोडलं. सोडताना ती जास्त रडली. मग डॉक्टरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. ती चकाकत होती.

"पोट चोळलंय कोणी?"

खोलीत आम्ही तिघं मोठे. मी छताकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे.

"मी," काकी म्हणाली.

"बेंबी?"

"हो."

"काकी, अख्ख्या पट्ट्यातल्या बेंब्या तुम्ही बसवल्यात, मला माहीत आहे. मी लहान असताना माझीसुद्धा बसवली असेल कोणीतरी. पण उजवीकडे असं दुखत असेल तर हात लावायचा नाही. अपेंडिक्स सुजलं असेल आणि त्यावर चोळलं तर ते फुटतं. मग पोटभर पू होतो."

काकीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आता नीट आठवून सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "गेल्या काही दिवसांत काही वेगळं? भूक, ताप, झोप, शी? काहीही. लहानसं असलं तरी सांगा."

काकीने तोंड उघडलं. तेवढ्यात दार ढकलून विनिता आत आली, बोरिवलीहून मिळेल त्या गाडीने, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. काकीने तोंड मिटलं. मला वाटलं, जांभई होती.

"नाही," काकी म्हणाली. "तसं काही नाही."

मग सुरू झालं ते नुसतं थांबणं. रक्त तपासलं, त्यात पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या. थोड्या म्हणजे किती वाईट, तर थोड्याच. सोनोग्राफी केली, तर पोटात हवा फार, अपेंडिक्स नीट दिसत नाही. सिद्धेश तोवर पोचला होता. त्याने विचारलं, "दिसत नाही म्हणजे काही झालेलं नाही, की झालंय पण दिसत नाही?"

"हाच प्रश्न मलाही पडलाय," डॉक्टर डेल्फिन म्हणाल्या.

खोटा धीर देणारा डॉक्टर बरा, असं मला त्या क्षणी वाटलं.

सलोनीला सलाईन लावलं. तोंडाने काही द्यायचं नव्हतं. ती पाणी मागत होती आणि एवढी माणसं असून तिला घोटभर पाणी देता येत नव्हतं. काकी ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत होती. सलोनी तो कापूस चोखायला बघायची, काकी काढून घ्यायची. विनिता पलीकडच्या बाजूला उभी राहून पोरीचे पाय दाबत होती. कुठे दाबलं की तिला बरं वाटतं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती सगळीकडेच दाबत होती. "पोटऱ्या दाब," काकी हळूच म्हणाली. विनिताने पोटऱ्या दाबल्या. सलोनी जरा शांत झाली. हे बघून खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण विनिताचा चेहरा मला बघवला नाही.

संध्याकाळी दुखणं वाढलं. अंगही थोडं कोमट लागायला लागलं. डॉक्टरांनी पुन्हा पोट पाहिलं आणि सिद्धेशला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "अजून थांबता येईल. पण थांबले आणि फुटलं तर लहान पोरांत फार पटकन बिघडतं. दुर्बिणीतून ऑपरेशन करते. तुम्ही दोघं ठरवा."

सिद्धेश कॉम्प्युटरवर बसून कोणत्या कोणत्या देशांचे हिशेब सांभाळतो, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काय करायचं रे?" मी त्याला वांग्याला कुठलं खत घालायचं ते सांगू शकलो असतो. विनितानेच सांगितलं, "करा."

आत न्यायच्या वेळी नर्स म्हणाली, "फक्त आईवडील." काकी खाटेचा दांडा धरून चालत होती. तिने दांडा सोडला. दार बंद झाल्यावर ती तिथेच उभी राहिली, जणू दार आपली चूक कळून परत उघडणार आहे.

नंतर ती बेसिनपाशी गेली आणि हात धुऊ लागली. साबण लावायची, धुवायची, नाकाशी नेऊन वास घ्यायची, पुन्हा साबण लावायची. मी म्हटलं, "काकी, तेल कधीच गेलं."

"फुटलं असेल का रे?"

"नाही गं."

"तुला काय माहीत?"

"मला काही माहीत नाही."

"मग बोलतोस कशाला?" ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बोल. बोलत राहा काहीतरी."

मग मी वांग्याचं सांगत बसलो. वांग्यावर यंदा अळी कशी आहे, फवारणी किती केली. तिने ऐकलं असेल असं वाटत नाही. कृष्णाकाका बाकावर बसून हातातली टोपी फिरवत होते, एकदा या बाजूने, एकदा त्या.

डॉक्टर डेल्फिन बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली केला. "बरी आहे. फुटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "खरं सांगायचं तर फार सुजलेलंही नव्हतं."

काकी बाकावर बसली.  मग तिने मान वर केली आणि आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. फुटलं नव्हतं. ती नजर मी ओळखतो. कळ्यांच्या वजनावरून व्यापाऱ्याशी भांडण जिंकली की ती असं बघते.

"मग दुखत कशाने होतं?" सिद्धेशने विचारलं.

"ते काढून कापलं तर आतून पांढरं सूत बाहेर आलं. आणि ते हललं. जंत आहेत. अगदी बारीक, नखाएवढे. आतड्यात असतात ते कधी कधी अपेंडिक्समध्ये शिरतात, आणि मग दुखणं थेट अपेंडिक्ससारखंच. बाहेरून हात लावून कोणालाच फरक सांगता येत नाही, मलाही नाही."

"म्हणजे ऑपरेशन नको होतं?"

डॉक्टर म्हणाल्या, "आता आत बघितल्यावर असं म्हणता येतं. जंत आहेत हे आधी कळलं असतं, तर कदाचित गोळी देऊन रात्रभर थांबले असते. कदाचित नसते थांबले. आणि थांबले असते, आणि खरंच फुटलं असतं, तर तुम्ही मला वेगळा प्रश्न विचारला असता."

विनिता म्हणाली, "वाडीत अनवाणी फिरते ती. मातीत हात घालते."

"हे मातीतले नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "ते वेगळे. हे हाताने पसरतात. रात्री जंत बाहेर येऊन अंडी घालतात, तिथे खाज येते, पोर खाजवतं, अंडी नखात जातात, नखातून तोंडात. चादरीतून, टॉवेलमधून दुसऱ्याला. वर्गात एकाला असले की सगळा बाक. बंगल्यातल्या पोरांनाही होतात. यात लाजायचं काही नाही."

एवढं सगळं त्या बोलल्या, त्यातलं 'नखात' एवढंच आमच्या घोळक्याने उचललं. सगळ्यांनी काकीच्या हाताकडे पाहिलं. काकीनेही. सलोनीच्या अंगठ्याचं ते लाडकं नख नर्सने सकाळी कापलं, आणि काकीने स्वतःचं त्याआधीच, घरी जाऊन, विळीवर.

सकाळी सलोनी शुद्धीत होती, चिडचिड करत होती, म्हणजे बरी होती. डॉक्टरांनी तिच्याजवळ बसून विचारलं, "काय गं, रात्री खाली खाज यायची का तुला?"

सलोनीने मान हलवली.

"मग सांगितलं नाहीस कोणाला?"

"काकीला माहितीये," सलोनी म्हणाली. "काकी मला वावडिंगाचं पाणी देते. कडू असतं म्हणून गूळ घालते. पण आईला सांगायचं नाही."

 डॉक्टर उठून सलाईनची बाटली बघत राहिल्या. त्या बाटलीत बघण्यासारखं काही नव्हतं.

विनिता काकीला घेऊन बाहेर आली. मी दाराजवळ होतो, तिथून हलायला हवं होतं, पण तसा चालत गेलो असतो तर दोघींच्या मधूनच जावं लागलं असतं.

"कधीपासून, ताई?"

"होळीच्या आधीपासून."

"काल डॉक्टरांनी विचारलं, काही वेगळं होतं का. तेव्हा का नाही बोललात?"

काकी भिंतीकडे बघत म्हणाली, "तू आलीस."

विनिताला ते कळायला थोडा वेळ लागला. मलाही. मग कळलं. घरात जंत झाले असं विनिताला समजलं असतं तर ती म्हणाली असती, वाडीत हे असंच होणार, चला जूचंद्रला. ते होऊ नये म्हणून काकी महिनाभर गुळाचं वावडिंग उकळत होती. तिने लपवलं होतं ते पोर हातची जाऊ नये म्हणून, आणि तिची वकिली म्हणून सांगतो, जंतांवर वावडिंग आमच्या आयांनी आम्हालाही दिलेलं आहे. फक्त आमची पोटं दुखली नाहीत.

विनिता ओरडली असती तर काकीला सोपं गेलं असतं. ओरडण्यात काकीचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. पण विनिता नुसती म्हणाली, "बरं." हे 'बरं' वेगळं होतं.

त्यानंतर गोळ्यांचा कार्यक्रम झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची, त्रास असो वा नसो, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. काकीने पडवीत सगळ्यांना रांगेत बसवलं. पहिली गोळी स्वतः चावली. कृष्णाकाकांनी हात पुढे केलाच नाही.

"मला जंत नाहीत," ते म्हणाले.

सगळे थक्क झाले, गोळीमुळे नव्हे, वाक्यामुळे.

"दादा, सगळ्यांना असंच वाटतं," सिद्धेश म्हणाला.

"मी साठीचा आहे."

"जंत जन्मतारीख विचारत नाहीत," काकी म्हणाली. "तोंड उघडा."

काकांनी तोंड उघडलं. एका वर्षात दोन वाक्यं झाली, पुढच्या वर्षी ते बोलतील असं वाटत नाही.

चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं काकीने उकळत्या पाण्यात काढलं. मोगऱ्याच्या ताटव्यांवर दोऱ्या बांधून घरातलं झाडून सगळं कापड उन्हात घातलं, अगदी गणपतीच्या मखराचा पडदासुद्धा. रोज. लोक विचारायचे, लग्न आहे का. कळ्या खुडायला तिने दोन बायका लावल्या आणि स्वतः घर घासत बसली. तिच्या मनात काय चाललंय ते स्पष्ट होतं. घर एवढं स्वच्छ करायचं की कोणाला काही बोलायला जागाच उरू नये. दुसरी गोळीही वेळेवर झाली. सलोनी टुणटुणीत झाली, पोटावरच्या तीन बारीक खुणा वर्गात दाखवून भाव खाऊ लागली.

परीक्षा संपली त्या रविवारी विनिताने सांगितलं की मे महिन्यात ते जूचंद्रला जातील. तिने कामावरून वेळ बदलून घेतली होती, घरून अर्धे दिवस काम.

काकीने सुरुवात केली, "तिथे पाणी..."

"ताई," विनिता म्हणाली, "मी तुमच्यावर रागावून नाही नेत. माझ्या पोरीला महिनाभर त्रास होत होता, आणि एका घरात राहून मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. तिच्या पोटऱ्या दाबल्या की तिला बरं वाटतं हेही तुम्हालाच माहीत. उद्या तिला काही झालं तर ते आधी मला कळायला पाहिजे. तुम्ही मला हे तरी बरोबर आहे की नाही ते सांगा."

टँकर, शाळा, चौथा मजला, सगळं काकीने तिथेच सोडलं.    ती म्हणाली, "बरोबर आहे." आणि उठून चहा टाकायला गेली. चहा कोणी मागितला नव्हता.

सामान माझ्याच ईकोतून गेलं. सलोनी पुढे बसली होती, रडली नाही, कारण तिला लिफ्टचं आमिष होतं. काकी फाटकापर्यंत आली आणि मला म्हणाली, "हळू चालव. खड्डे आहेत." खड्डे तिला नवीन नव्हते.

त्यानंतर काकीने बेंब्या बंद केल्या. पोर घेऊन कोणी आलं की ती हात मागे बांधून म्हणायची, "डॉक्टरकडे न्या." लोकांना ते आवडलं नाही. शेजारची सुनंदामावशी मला म्हणाली, "शिकली वाटतं ही आता." मी म्हटलं, "हो, नापास होऊन."

शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले असतील. विनिताचा फोन आला की सलोनीला पुन्हा खाज सुटली आहे. काकीने फोन ठेवला, आणि तिचा चेहरा बघून मला आधी वाटलं की काही आनंदाची बातमी आहे. हायवेवर तिला स्कूटर न्यायची नव्हती, म्हणून पुन्हा मी. वाटेत तिचं बोलणं थांबतच नव्हतं.

"बघितलंस? तिथे कुठे आहे माती? टाइल्स आहेत टाइल्स."

"डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मातीचं काही नाही."

"तेव्हा कोण ऐकत होतं? आता कळेल. शाळेतून आणलेत ना पोरीने? मग वाडीचा काय दोष?"

"काही दोष नव्हता."

"तेच म्हणते. आता विनिताच म्हणेल, ताई, घेऊन जा तिला थोडे दिवस. तू बघच."

 तिने केस पुन्हा नीट बांधले, पदर सारखा केला. मांडीवर अळूच्या पानांची जुडी होती. सलोनीला अळू आवडत नाही, विनिताला आवडतं. कोणाला खूश करायला निघाली होती ते त्या जुडीवरूनच कळत होतं.

दार विनितानेच उघडलं. घरात धुतलेल्या चादरींचा वास होता, गॅलरीत दोऱ्या भरलेल्या. सलोनी काकीला येऊन बिलगली आणि लगेच पुन्हा टीव्हीकडे गेली. विनिता काकीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. मी तिला एवढी खुलून बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"काय झालं माहितीये ताई? परवा झोपेत तिने एकदाच खाजवलं. एकदाच. मी जागीच होते. लगेच ओळखलं. सकाळी टॉर्च लावून बघितलं तर तेच. तेव्हाच डॉक्टर डेल्फिनना फोन केला. पोटापर्यंत काही जायच्या आधीच." तिने श्वास घेतला. "या वेळी मला कळलं, ताई."

काकी तिच्याकडे बघत राहिली. गाडीत पाठ केलेलं सगळं तिच्या तोंडाशी होतं, मला दिसत होतं.

"बरं झालं," ती म्हणाली.

विनिताने टेबलावर गोळ्या ठेवल्या. सिद्धेश आला, सलोनी आली. काकीनेही सवयीने हात पुढे केला, तळवा वर करून.

"तुम्हाला नको, ताई," विनिता म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, घरात राहतात त्यांनीच घ्यायची."

विनिताच्या मनात काही नव्हतं. तिने ते औषधासारखंच सांगितलं. जंताची गोळी मिळाली नाही म्हणून कोणाचा चेहरा पडलेला मी आजवर पाहिला नव्हता. काकीने पुढे केलेला हात तसाच टेबलावर ठेवला आणि तिथे काही सांडलं नव्हतं तरी ती टेबल पुसायला लागली.

सलोनीने गोळी चावली, तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली.

"काकी, तू सुटलीस," ती म्हणाली.

"हो गं बाई," काकी म्हणाली. "सुटले."